डेव्हिड वेक्स्लर : मोठ्या माणसांची बुद्धी मोजणारा शास्त्रज्ञ



गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागल्यानंतर एक पालक मला भेटायला शाळेत आले. व्यवसायाने ते मोटार मेकॅनिक आहेत. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला एक कागद काढला. त्यांचा थोरला मुलगा लहान असताना कोठेतरी त्याची बुद्धिमापन कसोटी घेण्यात आली होती आणि कागदावर एकच आकडा लिहिलेला होता. कसोटी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, कोणी घेतली, यांपैकी काही म्हणता काही त्यावर नव्हते. मुलगा आता एकोणीस वर्षांचा झालेला, गॅरेजमध्ये वडिलांच्या हाताखाली इंजिन उघडून पुन्हा बसवतो. पण बारावीला बसावे की नाही, याचा निर्णय घरात अजून त्या आकड्याकडे बघून चालला होता. त्यांचा प्रश्न साधा होता. हा आकडा अजून खरा आहे का?

बी.एड.ला असताना बुद्धिमापनाचा धडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. बिने, टर्मन, वेक्स्लर ही नावे ओळीने लिहिली की पाच गुण मिळत. त्या पालकांच्या प्रश्नाने मला ती पुस्तके पुन्हा काढायला लावली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या ओळीतल्या तिसऱ्या नावाचे सबंध आयुष्यच या एका प्रश्नाभोवती फिरलेले आहे. त्या माणसाची ओळख तुम्हाला करून द्यावी म्हणून हा लेख.

डेव्हिड वेक्स्लर यांचा जन्म १२ जानेवारी १८९६ रोजी रुमानियातील लेस्पेझी नावाच्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. डेव्हिड सहा-सात वर्षांचे असताना हे कुटुंब देश सोडून अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क शहरात स्थायिक झाले. घरची भाषा एक, शाळेची भाषा दुसरी, रस्त्यावर आणखी चार भाषा कानावर पडणाऱ्या. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोकणी किंवा उर्दू बोलली जाते आणि मुले मराठी शाळेत जातात, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. भावंडांपैकी इस्रायल वेक्स्लर पुढे नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ झाले. डेव्हिड १९१६ साली सिटी कॉलेजातून पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात वुडवर्थ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम.ए. केले. प्रबंधाचा विषय होता स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. माणसाच्या आठवणीचे मोजमाप हा विषय तेव्हापासून त्यांनी कधी सोडला नाही.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लाखो तरुणांची सैन्यात भरती सुरू झाली. कोणाला कोणत्या कामावर नेमावे हे ठरवण्यासाठी रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांनी दोन सामुदायिक कसोट्या तयार केल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांच्यासाठी आल्फा आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी चित्रांची बीटा. सुमारे सतरा लाख माणसांना या कसोट्या देण्यात आल्या. वाचकहो, मोठ्या माणसांची बुद्धी इतक्या मोठ्या प्रमाणावर मोजण्याचा हा जगातला पहिलाच प्रयोग होता.

वेक्स्लर तेव्हा एकवीस वर्षांचे होते. सैन्यात दाखल होण्याची वाट पाहत असताना ते लाँग आयलंडवरील छावणीत आल्फाचे पेपर तपासायला बसले. नंतर रीतसर शिक्षण घेऊन त्यांची नेमणूक टेक्सासमधील कॅम्प लोगन येथे झाली. तेथले त्यांचे काम वेगळ्या प्रकारचे होते. सामुदायिक कसोटीत जे नापास होत, त्यांना एकेकट्याने समोर बसवून पुन्हा तपासायचे. हे काम करताना त्यांच्या मनात जे खटकले ते पुढे वीस वर्षे खटकत राहिले.

ओक्लाहोमाचा एक अठ्ठावीस वर्षांचा जवान त्यांच्यापुढे आला. आल्फात नापास, बीटातही नापास. एकेकट्याने घेतलेल्या कसोटीत त्याचे मानसिक वय आठ वर्षांपेक्षाही कमी निघाले. शास्त्राच्या हिशेबाने तो मंदबुद्धी ठरत होता. पण चौकशी केली तेव्हा कळले की हा माणूस तेलाच्या विहिरी खणणारा कुशल कारागीर असून बायकामुलांचा संसार व्यवस्थित चालवत होता आणि त्या काळाच्या मानाने त्याची कमाई चांगली होती. आठ वर्षांचे मूल तेलाची विहीर खणील काय? वेक्स्लर यांनी हा माणूस लक्षात ठेवला आणि पुढे आपल्या ग्रंथात त्याची हकीकत दिली. दोष माणसात नसून मोजपट्टीत असू शकतो, ही शंका तरुण वयातच यावी आणि तीही स्वतःच मोजपट्टी हातात धरलेली असताना, याचे मला फार कौतुक वाटते. आम्ही शिक्षक पेपर तपासताना अशी शंका क्वचितच घेतो.

युद्ध संपता संपता सैन्याच्या वतीने ते लंडन विद्यापीठात गेले. तेथे त्यांना चार्ल्स स्पिअरमन आणि कार्ल पिअर्सन हे दोन गुरू लाभले. येथे थोडे थांबून एक कल्पना समजून घेऊ, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. दुकानदाराने तोच माल त्याच तराजूत आज तोलला तर एक किलो आणि उद्या तोलला तर सव्वा किलो भरला, तर आपण त्या तराजूवर भरवसा ठेवणार नाही. तीच गोष्ट कसोटीची. त्याच माणसाला काही दिवसांनी तीच कसोटी पुन्हा दिली, तर गुण साधारण तेवढेच यायला हवेत. यालाच कसोटीची विश्वसनीयता म्हणतात. ती ० ते १ या दरम्यानच्या आकड्याने मांडतात आणि आकडा १ च्या जितका जवळ तितका तराजू भरवशाचा. हे गणित उभे करणाऱ्यांत स्पिअरमन अग्रणी होते. मात्र तराजू रोज तेच वजन दाखवतो म्हणून ते वजन बरोबरच असते असे नाही. काट्यातच खोट असेल तर तो रोज सारखेच चुकीचे दाखवील. कसोटी जे मोजायचे तेच मोजते का, हा प्रश्न निराळा. त्याला सप्रमाणता म्हणतात. विद्यार्थी मित्रांनो, या दोन शब्दांत गल्लत करू नका. मी स्वतः परीक्षेत केली होती.

लंडनहून ते काही काळ पॅरिसला गेले. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या बालमार्गदर्शन केंद्रात त्यांनी नोकरी केली. १९२५ साली त्यांनी कोलंबियाची पीएच.डी. मिळवली.

या मधल्या काळात सैन्याच्या त्या कसोट्यांचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२३ साली कार्ल ब्रिगॅम यांनी त्या आकड्यांवर एक पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपातून आलेले लोक बुद्धिमान, तर दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले आणि कृष्णवर्णीय लोक कमी बुद्धीचे, असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातील लोकांना देशात येण्यावर कडक बंधने घालणारा कायदा केला. तो कायदा होण्यात या पुस्तकाचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण वातावरण तसे होते हे निश्चित. आता गंमत पाहा, जरी ती कडू असली तरी. त्याच आकड्यांत असे दिसत होते की परदेशातून आलेला माणूस अमेरिकेत जितकी अधिक वर्षे राहिला तितके त्याचे गुण जास्त, आणि वीस वर्षांहून अधिक राहिलेल्यांचे गुण जवळजवळ तेथे जन्मलेल्यांइतके. सरळ अर्थ असा की कसोटी बरीचशी भाषेची आणि तिथल्या सवयींची ओळख मोजत होती. ब्रिगॅम यांनी मात्र उलटा अर्थ लावला, की पूर्वी आलेले लोक चांगले होते आणि आताचे कमअस्सल येत आहेत! १९३० साली त्यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. हा मोठेपणा त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे. पण कायदा तोवर होऊन गेला होता. रुमानियाहून आलेले वेक्स्लर कुटुंब वीस वर्षे उशिरा निघाले असते, तर त्याला न्यूयॉर्क पाहायला मिळणे कठीणच होते.

१९३२ साली वेक्स्लर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयाचे मुख्य मानसशास्त्रज्ञ झाले. १९६७ सालापर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, ते तेथेच होते. बेलव्ह्यू हे सरकारी रुग्णालय. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या सरकारी इस्पितळाचा बाह्यरुग्ण विभाग डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. गोदीतले हमाल, बेकार, दारूने खंगलेले, देशोदेशींचे लोक, मोडकेतोडके इंग्रजी बोलणारे. यांतला कोण आजारी, कोणाची बुद्धी खरोखर कमी आणि कोण फक्त अशिक्षित, हे ठरवायचे. हाताशी साधन कोणते, तर मुलांसाठी केलेली बिने यांची कसोटी! पन्नाशीच्या माणसाला शाळकरी पोराचे प्रश्न विचारले तर तो चिडेल, नाहीतर मनातून उठेल.

खरी अडचण हिशेबाची होती. तेव्हा बुद्ध्यांक भागाकाराने काढत. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाइतके काम केले तर दहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे १२५. मुलांपुरते हे ठीक. पण अशा कसोट्यांतील गुण पंधरा-सोळाव्या वर्षानंतर वयाबरोबर वाढत नाहीत, आणि वय मात्र वाढतच जाते. मग चाळीस वर्षांच्या साधारण माणसाचा बुद्ध्यांक सोळा भागिले चाळीस, म्हणजे ४० निघेल. हे हास्यास्पद होऊ नये म्हणून मोठ्या माणसाचे वय काहीही असो, भाजक सोळाच धरण्याची ठिगळबाजी चालत असे. वेक्स्लर यांनी भागाकारच रद्द केला. माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करायची. त्या वयाच्या लोकांची सरासरी १०० मानायची आणि प्रमाण विचलन १५ धरायचे, म्हणजे दर तिघांतले सुमारे दोघे ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. आज बुद्ध्यांक म्हणून जो आकडा आपण ऐकतो तो बहुधा या पद्धतीचा असतो.

१९३९ साली प्रौढ बुद्धिमापनावरचा त्यांचा ग्रंथ आणि त्याबरोबर वेक्स्लर-बेलव्ह्यू कसोटी प्रसिद्ध झाली. तीत अकरा उपकसोट्या होत्या. निम्म्या शाब्दिक, म्हणजे सामान्य ज्ञान, व्यवहारज्ञान, तोंडी हिशेब, आकडे ऐकून सुलट आणि उलट म्हणणे, साम्य ओळखणे, शब्दसंग्रह. उरलेल्या हाताने करायच्या. चित्रातला राहून गेलेला भाग सांगणे, चित्रे क्रमाने लावणे, रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, तुकडे जोडणे, आकड्यांखाली खुणा भरणे. खरे सांगायचे तर यांतले बरेचसे साहित्य जुनेच होते. ठोकळे कोह्‌स यांचे होते, काही भाग सैन्याच्या कसोट्यांतून उचललेले. नवे होते ते हे की जे लिहू-वाचू शकत नव्हते त्यांचे हातही मोजले गेले, आणि एकाच माणसाचे शब्दांचे गुण व हातांचे गुण शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. ओक्लाहोमाचा तो कारागीर त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता, असे मला वाटते.

पण या कसोटीची मानके ज्या लोकांवरून ठरवली, ते बहुतांश न्यूयॉर्क आणि आसपासचे गोरे लोक होते. कृष्णवर्णीयांसाठी ही मानके वापरता येणार नाहीत, हे वेक्स्लर यांनी ग्रंथात स्वच्छ नमूद केले. प्रामाणिकपणा खरा, पण नमूद करून प्रश्न मिटत नाही. ग्रंथ कपाटात राहतो आणि कसोटीची पेटी हातोहात फिरते. १९५५ साली त्यांनी प्रौढांची कसोटी नव्याने बांधली तेव्हा अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतून १७०० माणसे निवडली. शहरी, ग्रामीण, शिकलेली, न शिकलेली, निरनिराळ्या व्यवसायांची आणि या वेळी सुमारे दहा टक्के गौरेतरही. या कसोटीची एकूण विश्वसनीयता ०.९७ निघाली. आकडा उत्तम आहे. तरीही त्याचा अर्थ असा की १०० गुण पडलेल्या माणसाचे खरे गुण ९५ ते १०५ यांत कोठेही असू शकतात. आणि हे सबंध कसोटीचे झाले. तुकडे जोडण्यासारख्या एकेका उपकसोटीची विश्वसनीयता ०.७ च्या आसपास किंवा त्याहून खालीच होती. ज्या कागदावर एका उपकसोटीचे गुण लिहून मुलाचे भवितव्य सांगितलेले असते, तो कागद वाचताना हे लक्षात असू द्या.

हे ०.९७ एकाच बैठकीतले होते. काळ मध्ये आला की काय होते? थोड्या आठवड्यांनी तीच कसोटी पुन्हा दिली तर गुण वाढतात, आणि हाताने करायच्या भागात जास्त वाढतात, कारण ठोकळे एकदा हाताळलेले असतात. बुद्धी वाढलेली नसते, सराव झालेला असतो. म्हणूनच १९४६ साली वेगळ्या प्रश्नांची दुसरी जोडकसोटी काढण्यात आली. बी.एड.च्या प्रात्यक्षिकात आम्ही वर्गमित्रांनी एकमेकांवर खुणा भरण्याची कसोटी तीन आठवड्यांनी पुन्हा घेतली होती. सगळेच हुशार झाले होते.

आणि वर्षे गेली तर? या बाबतीत वेक्स्लर यांचे एक मत पुढे बरेच दुरुस्त करावे लागले. त्यांच्या आकड्यांत पंचविशीच्या सुमारास गुण सर्वांत जास्त आणि नंतर उतरते दिसत, म्हणून वयाबरोबर बुद्धी ओसरते असे ते मानत. पण त्यांनी एकाच माणसाला तरुणपणी आणि म्हातारपणी मोजले नव्हते. एकाच वेळी तरुण आणि म्हातारे निरनिराळे लोक मोजले होते. १९३९ साली जो साठ वर्षांचा होता त्याची शाळा एकोणिसाव्या शतकातच सुटलेली. म्हणजे काही फरक वयाचा आणि बराचसा शिक्षणाच्या संधीचा. विल्यम ओवेन्स यांनी वेगळा मार्ग धरला. आयोवा येथील कॉलेजात १९१९ साली ज्यांनी सैन्याची आल्फा कसोटी दिली होती, त्यांपैकी १२७ जणांना शोधून तीस वर्षांनंतर तीच कसोटी पुन्हा दिली. पन्नाशीच्या त्या माणसांचे गुण उतरले नव्हते. बहुतेक भागांत थोडे वाढलेच होते. १९९८ सालचा स्कॉटलंडचा प्रयोग तर याहून नवलाचा. १ जून १९३२ रोजी अकरा वर्षांच्या मुलांनी दिलेली कसोटी इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी बरोबर सहासष्ट वर्षांनी, १ जून रोजीच, त्यांच्यातल्या १०१ वृद्धांना पुन्हा दिली. दोन्ही वेळच्या गुणांत ०.६३ इतका संबंध निघाला. म्हणजे पुढे असलेले बरेच जण पुढेच राहिले, हे खरे. आणि कित्येकांच्या जागा बदलल्या, हेही तितकेच खरे.

मोजपट्टीही म्हातारी होते. वेक्स्लर यांच्याच कसोट्यांचे आकडे तपासून जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांची सरासरी सुमारे १४ गुणांनी वाढली, म्हणजे दर दहा वर्षांना तीन. वीस वर्षांपूर्वीच्या मानकांवर आजचा माणूस तपासला तर तो आपोआपच सहा गुणांनी वर दिसतो. भाषेचा प्रश्न तर आणखी जवळचा. १९७० साली कॅलिफोर्नियात मंदबुद्धी मुलांच्या वर्गात घातलेल्या नऊ मेक्सिकन मुलांच्या वतीने दावा लावण्यात आला. त्यांची स्पॅनिश जाणणाऱ्याकडून फेरतपासणी केली तेव्हा बहुतेक सगळी मर्यादेच्या वर निघाली. मुले तीच, भाषा बदलली.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. वेक्स्लर यांच्या बालकसोटीचे भारतीय रूप १९६० च्या दशकात डॉ. मालिन यांनी आपल्या नागपुरात बसून सिद्ध केले, आणि प्रौढांच्या कृतिकसोटीचे भारतीय रूप प्रभा रामलिंगस्वामी यांनी १९७४ साली दिल्लीत केले. केवळ प्रश्नांचे भाषांतर करून हे होत नाही. प्रश्न बदलावे लागतात, इथली माणसे घेऊन मानके नव्याने काढावी लागतात आणि ती काढून चार दशके झाली की पुन्हा काढावी लागतात. हे शेवटचे काम फारसे कोणाला आवडत नाही, कारण त्यात खर्च पुष्कळ आणि नाव कमी.

वेक्स्लर यांना मात्र त्याचा कंटाळा नव्हता. १९४५ साली स्मृतिकसोटी, १९४९ साली शाळकरी मुलांची, १९६७ साली त्याहून लहानांची, १९७४ साली मुलांच्या कसोटीची सुधारणा. मध्येच १९४७ साली नाझी छळातून वाचलेल्यांच्या मदतीसाठी ते सायप्रसला जाऊन आले. बुद्धी म्हणजे केवळ कसोटीतले गुण नव्हेत. चिकाटी, जिद्द, काम पुरे करण्याची ओढ हेही तिचे भाग आहेत आणि ते कसोटीत नीट सापडत नाहीत, हे ते अनेक लेखांतून मांडत राहिले. ज्याच्या कसोट्या जगभर विकल्या गेल्या त्यानेच हे सांगावे, आणि लोकांनी तेवढेच विसरावे!

२ मे १९८१ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रौढांच्या कसोटीची सुधारलेली आवृत्ती त्याच वर्षी निघाली. त्यानंतर १९९७, २००८ आणि २०२४ साली नव्या आवृत्त्या आल्या, आणि प्रत्येक वेळी नवी माणसे घेऊन मानके पुन्हा पहिल्यापासून काढण्यात आली.

त्या पालकांना मी कसोटीचे नाव, भाषा आणि तारीख शोधून आणायला सांगितले आहे. तारीख अजून सापडलेली नाही. बारावीचा फॉर्म मात्र मुलाने भरला.